रशियन बंदूक आणि सासूबाईंचा सौना

नोव्हेंबर लागला की मिशिगनच्या आमच्या या वरच्या टोकाला दोनच प्रकारची माणसं उरतात: बंदूक घेऊन हरणामागे रानात गेलेली, आणि मी. पूर्वी पाद्रीबुवा लाहती माझ्या बाजूला असत. पण मागच्या हिवाळ्यात चर्चच्या मंडळींनी त्यांना वाढदिवसाला बंदूक भेट दिली आणि मी एकटा पडलो.

मी जन्मभर चष्म्यांचं दुकान चालवलं. गावातलं एकही नाक असं नाही ज्यावर मी चौकट बसवली नाही. तरी कॉफीच्या दुकानात बंदुकांच्या गप्पा सुरू झाल्या की माझ्याकडे वळून कोणीतरी सहानुभूतीने मोतीबिंदूबद्दल विचारायचं. म्हणजे मला बोलायला काहीतरी मिळावं म्हणून. माणसाचा अपमान करायचे पुष्कळ मार्ग आहेत, पण त्यातला सगळ्यात वाईट म्हणजे त्याला सांभाळून घेणं. तेव्हा दुकान विकून घरी बसल्यावर पहिल्याच पानगळीला मी ठरवलं, आपणही बंदूक घ्यायची.

पेरोच्या हार्डवेअरच्या दुकानात, बर्फ उपसायची फावडी आणि शेगडीची धुराडी यांच्या मधे एका लाकडी पिंपात बंदुका उभ्या केल्या होत्या. छत्र्या ठेवतात तशा. वर पाटी होती: 'जुन्या लष्करी. रशियन. आहेत तशा.' किंमत चांगल्या बुटांच्या जोडापेक्षा कमी. साऱ्या बंदुका तपकिरी ग्रीझने इतक्या माखल्या होत्या की एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं. माणसं वाकून, डोळे बारीक करून निवड करत होती. मीही डोळे बारीक केले. शेवटी जी ओढल्यावर पिंपातून बाहेर आली ती मी घेतली.

आता इथे बंदूक घेताना दुकानदार फोन लावतो आणि दूरच्या कुठल्याशा सरकारी कचेरीत तुमचं नाव सांगतो. पलीकडचा माणूस 'द्या' म्हणतो आणि तुम्ही बंदूक घेऊन घरी जाता. पेरोने माझ्या आधी तीन जणांचे फोन केले, तिघेही आपापली बंदूक घेऊन गेले. मग माझा. "ट्रगीर. वेस्ली ट्रगीर. हो. हो. धरतो," असं म्हणून तो बराच वेळ छताकडे बघत राहिला. मग फोन ठेवून, धुराड्यांपाशी उभ्या असलेल्या बाईलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "वेस, तुझं थांबवलंय."

कारण एवढंच कळलं की माझ्याच नावाचा दुसरा कोणी या देशात आहे आणि त्याने काहीतरी केलं आहे. काय केलं ते सरकार सांगत नाही. त्यामुळे ते गावाने ठरवलं.

माझे पूर्वज इंग्लंडातल्या कॉर्नवॉलहून इथल्या तांब्याच्या खाणीत आले. ट्रगीर हे आडनाव टेलिफोनच्या यादीत आमचं एकट्याचं, आणि त्याचा मला थोडा गर्व होता. तो गेला. कॉफीच्या दुकानात मी आल्यावर संभाषण हवामानाकडे वळू लागलं. शेजारच्या रूडी मात्तिलाचं म्हणणं पडलं की मी बँक लुटलेली नसणार, माझी दुसरी बायको असणार. शांत माणसांचं तसंच असतं. पाद्रीबुवा घरी आले, कॉफी प्याले, आणि जाताना माझा हात हातात धरून म्हणाले की मला कधी मोकळेपणाने काही बोलावंसं वाटलं तर त्यांचं दार उघडं आहे. साऱ्या गावात माझ्यावर ठाम विश्वास ठेवणारी एकच व्यक्ती निघाली, ती माझी सासू. त्या म्हणाल्या, "याच्यात तेवढी हिंमत नाही."

इथे सांगायला हवं की मी घरजावई आहे. घर सासूबाईंचं, गॅरेज सासूबाईंचं, मागच्या अंगणातला सौनाही त्यांचाच. सायमाबाई म्हणजे उंचीला माझ्या खांद्याखाली, वयाने चौऱ्याऐंशीच्या, आणि मताला पक्क्या. लहानपणी आईबापांबरोबर फिनलंडहून आलेल्या. गावातली निम्मी माणसं फिनलंडची, आणि ती सगळी त्यांना जरा वचकून असतात. मग मी तर कॉर्नवॉलचा.

शेवटी सरकारला पटलं की तो मी नव्हे. मी बंदूक एका जुन्या चादरीत गुंडाळून घरी आणली. दारात सासूबाई उभ्या होत्या, हाताला पीठ, मागून वेलदोड्याच्या पावाचा वास. रूडीने फोन करून ठेवला होता.

"रशियन आहे?" त्यांनी विचारलं.

"बंदूक आहे, आई."

"मी ते विचारलं नाही."

त्यांनी दाराच्या चौकटीवर पिठाचा हात ठेवला. "या घरात रशियन येणार नाही. लाकडाचा असला तरी."

मी त्यांना समजावून सांगितलं की रशिया-फिनलंडच्या त्या लढाईला साठ वर्षं होत आली, आता रशियाचं तसं काही राहिलं नाही, आणि ही तर नुसती एक जुनी वस्तू आहे. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि दार लावलं. मी बाहेर होतो. माझी बायको इर्मा हिने या वादात तटस्थ राहायचं ठरवलं, म्हणजे आईच्या बाजूने गप्प राहायचं.

बंदूक रूडीच्या शेडमध्ये गेली. रूडी जन्मभर लाकूडतोडीला होता आणि बंदुकांबद्दल त्याला सगळं ठाऊक आहे, निदान त्याला न ठाऊक असलेलं काही असतं असं त्याने कधी मान्य केलेलं नाही. त्याने मला मार्ग दाखवला. पेरोच्या पाटीवर विश्वास कशाला ठेवायचा, म्हणाला. पेरोला काय कळतं. आपण बंदूक नीट साफ करू, ठसे वाचू, आणि ती दुसऱ्या कुठल्यातरी देशाची निघेल. एकदा का ती फ्रेंच ठरली की म्हातारीचं तोंड बंद.

मला हे पटलं. असल्या कामाला नजर लागते, आणि नजर हा माझा धंदा.

रॉकेलमध्ये फडकं बुडवून आम्ही घासायला बसलो. ते ग्रीझ म्हणजे काय वस्तू आहे हे ज्याने काढलं नाही त्याला सांगता येणार नाही. थंडीत गोठलेल्या मधासारखं. एका जागेवरून निघतं आणि दुसऱ्या जागी, बहुधा कोपरावर, जाऊन बसतं. दुपारभर घासल्यावर नळीच्या मागच्या बाजूला एक पक्षी दिसायला लागला.

"कोंबडा," रूडी म्हणाला. "फ्रेंच."

मी भिंगातून पाहिलं. पक्ष्याला दोन डोकी होती. रूडीने सांगितलं की ठसा मारणारा प्यालेला असणार, त्याने दोनदा मारला. त्याच्या खाली अक्षरं होती, त्यात एक आर उलटा. मी आयुष्यभर लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. आर कुठल्या बाजूला बघतो हे मला झोपेतही सांगता येतं. रूडीचं मत पडलं की कारागीर डावरा असेल. मी ग्रंथालयातून जाडजूड पुस्तक आणलं. त्यात तो पक्षी होता, तोच उलटा आर होता, आणि सालही होतं: अठराशे शहाण्णव, झारचा कारखाना. जितकं पुसावं तितकी बंदूक जास्त रशियन होत होती.

लाकूड साफ करताना आणखी एक निघालं. दस्त्याच्या मधोमध, दोन हातांची बोटं एकमेकांत अडकवावीत तसा एक जोड. रूडीने तो बघून डोकं हलवलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "लेका, मोडलेली आहे. मोडून चिकटवलेली. पेरोने तुला गाठलं." मग तो आत जाऊन ही बातमी बायकोला सांगून आला, आणि तिने गावाला सांगितली.

तरी पुस्तकातून मला एक आशा दिसली. मी रात्रीच्या जेवणाला विषय काढला. सासूबाईंना म्हटलं, तुमचा राग बोल्शेविकांवर आहे, आणि ही बंदूक त्यांची नाहीच, त्यांच्या आधीची. झारची.

त्यांनी काटा खाली ठेवला. "झार," त्या म्हणाल्या. "त्याच्यापासून तर सुरुवात." आणि मग आपल्या आजोबांना झारच्या माणसांनी काय काय केलं ते त्यांनी बटाटे निवेपर्यंत सांगितलं. इर्माने टेबलाखालून मला लाथ मारली, पण ती उशिरा मारली.

दरम्यान ग्रीझ काही संपेना. लाकडात मुरलेलं, खोबणीत बसलेलं, नळीच्या आत तर साकळून राहिलेलं. रूडी म्हणाला की याला उपाय एकच, उष्णता. त्याने बोल्ट, म्हणजे काडतूस आतबाहेर करायचा दांडा, बायकोच्या ओव्हनमध्ये घालून पाहिला होता, त्यामुळे त्याची बायको सध्या स्वयंपाक करत नव्हती, आणि दोष माझ्या नावावर होता. नोव्हेंबरात आमच्याकडे उष्णता आणखी असते कुठे? आम्ही दोघांनीही एकाच वेळी कुंपणापलीकडे पाहिलं.

सौना ही काय चीज आहे ते फिनलंडच्या माणसाच्या घरात राहिल्याशिवाय कळत नाही. बाहेरच्याला ती दगड तापवून वाफ घ्यायची लाकडी खोली वाटते. आमचा सौना माझ्या सासऱ्यांनी स्वतः ओंडके तासून बांधला. माझी बायको त्यात जन्मली. सासरे वारले तेव्हा त्यांना तिथेच अखेरची आंघोळ घातली. तिथे मोठ्याने बोलायचं नसतं, शिवी तर नाहीच. चर्चमध्ये मी एकदोनदा डुलक्या घेतल्या आहेत आणि मला माफी मिळालेली आहे; सौनामध्ये ती मिळाली नसती. हे सगळं मला माहीत होतं. पण शुक्रवारी इर्मा आणि सासूबाई चर्चच्या विक्रीसाठी पेस्ट्या भरायला जाणार होत्या, आणि बटाटे, सलगम आणि गोमांस चिरून त्या मोठ्या करंज्या वळायच्या म्हणजे दिवस जातो.

आम्ही शेगडी पेटवली. दस्ता आणि नळी वेगळी न करता अख्खी बंदूक वरच्या बाकावर आडवी ठेवली. तासाभरात जे वाहायला लागलं ते बघून मला पहिल्यांदा वाटलं की आपण काहीतरी बरोबर केलं. लाकूड घाम गाळत होतं. फटीफटीतून, खिळ्याखिळ्यातून तपकिरी ओघळ निघत होते. रूडी कोट काढून, पायातले बूट काढून खालच्या बाकावर बसला आणि म्हणाला की नाहीतरी उष्णता फुकट जातेय. मी खाली वर्तमानपत्रं पसरली होती, पण ओघळांना वर्तमानपत्र कुठे संपतं ते ठाऊक नव्हतं. सासऱ्यांच्या हातच्या देवदाराच्या बाकावर एक लांब काळपट पट्टा उमटला, बंदुकीच्याच आकाराचा.

तो घासत असतानाच फाटकात गाडी वाजली. चर्चमध्ये सलगम संपले होते.

रूडी मागच्या खिडकीतून गेला. तो देहाने लाकूडतोड्याचा आहे आणि खिडकी सौनाची आहे, यावरून घाईची कल्पना यावी. मी बंदूक खालच्या बाकामागे, अगदी भिंतीशी सरकवली, वर्तमानपत्रं शेगडीत घातली, आणि आंघोळीची तयारी करतोय अशा चेहऱ्याने बाहेर आलो. सासूबाईंनी नाक वर करून हवा हुंगली. मग इर्माला म्हणाल्या, रूडी मात्तिला आला होता वाटतं.

दुसऱ्या दिवशी शनिवार, म्हणजे सौनाचा वार, आणि त्या शनिवारी पाहुणे होते. पाद्रीबुवा, त्यांची पत्नी, आणि चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्या हिल्याबाई. सकाळपासून मी बंदूक बाहेर काढायची संधी शोधत होतो. धुराडं तुंबलंय असं सांगून पाहिलं. सासूबाईंनी मला छपरावर चढवून ते बघायला लावलं आणि स्वतः खाली उभ्या राहिल्या. शेगडी पेटवणं माझं काम, म्हणून आत गेलो, तर त्या मागोमाग बादली घेऊन बाकं घासायला आल्या. वरच्या बाकावरच्या पट्ट्यावर त्यांचा ब्रश क्षणभर थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी शेगडीकडे पाहिलं. त्यांचे गुडघे वाकत नाहीत, एवढ्या एका गोष्टीवर माझा संसार टिकून होता.

सौनात आधी बायका जातात. सासूबाई, इर्मा, पाद्रीणबाई आणि हिल्याबाई आत गेल्या. आम्ही तिघं पुरुष, पाद्रीबुवा, मी आणि न बोलावता आलेला रूडी, स्वयंपाकघरात कॉफी घेत बसलो. पाद्रीबुवा छपराच्या वर्गणीबद्दल बोलत होते. अंगणापलीकडून दगडांवर पाणी टाकल्याचा फुस्स आवाज, बायकांचं हसणं, पुन्हा फुस्स. रूडी माझ्याकडे बघत नव्हता. मी रूडीकडे बघत नव्हतो. एवढ्यात कोणीतरी धपकन आपटल्याचा आवाज आला, एक किंकाळी, आणि मग शांतता. चार बायका एका खोलीत आणि शांतता. मी कप खाली ठेवला आणि खिडकीपाशी गेलो.

झालं होतं असं की बाकाखालून पाझरलेल्या ग्रीझवर हिल्याबाईंची टाच पडली, त्या खाली बसल्या, आणि बसल्या जागेवरून त्यांना बंदूक दिसली.

सौनाचं दार उघडलं. सासूबाई पांढऱ्या चादरीत गुंडाळलेल्या, केस ओले, अंगातून वाफा निघताहेत, अनवाणी बर्फातून स्वयंपाकघराकडे येत होत्या, आणि दोन्ही हातांत माझी बंदूक. रूडी उठून फ्रिजच्या मागे जाऊन उभा राहिला. पाद्रीबुवा उभे राहिले आणि पुन्हा बसले. सासूबाईंनी आत येऊन बंदूक टेबलावर, धुतलेल्या टेबलक्लॉथवर ठेवली. उष्णतेने वरचं ग्रीझ पार उतरलं होतं. लोखंड निळंकाळं चमकत होतं.

"वाच," त्या मला म्हणाल्या आणि बोट ठेवलं.

मी चष्मा लावला. नळीवर, झारच्या पक्ष्यापासून जरा दूर, एका छोट्याशा चौकोनात दोन अक्षरं होती. एस आणि ए. इतके दिवस ती ग्रीझखाली होती. दोन्ही अक्षरं सरळ होती, त्यामुळे मला धीर आला.

"दक्षिण आफ्रिका," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं तिला कुठल्याच नंबरचा चष्मा नाही. "सुओमेन आर्मेया," त्या हळू म्हणाल्या. "फिनलंडचं सैन्य."

पाद्रीबुवा वाकले, बघितलं आणि मान डोलावली. त्यांनी आम्हाला सांगितलं की फिनलंडकडे शस्त्रं थोडी होती; जी रशियनांकडून हाती लागली त्यांवर त्यांनी आपला शिक्का मारला आणि तीच घेऊन लढले. पुढे हे त्या जाडजूड पुस्तकातही सापडलं, आणि तो बोटं अडकवल्यासारखा जोडही सापडला. तो मोडलेला नव्हता. फिनलंडचे सुतार दस्ता तसा दोन तुकड्यांत जोडत. रूडीने फ्रिजमागून बाहेर येत सांगितलं की त्याला पहिल्यापासून तशी शंका होती.

मग दारातून इर्मा, पाद्रीणबाई आणि लंगडत हिल्याबाई आल्या, सगळ्या चादरींत, आणि टेबलाभोवती उभ्या राहून बघू लागल्या. थोर थोर तज्ज्ञांनी भिंगं लावून बंदुका ओळखल्याचं मी वाचलं आहे. ल्यूथरन महिला मंडळाने आंघोळ अर्धी टाकून ओळखलेली ही एकच असावी.

बाकावरच्या पट्ट्याबद्दल सासूबाई काही बोलल्या नाहीत. मला ते जास्त भयंकर वाटलं.

बंदूक घरात आली. नुसती आली नाही, बैठकीच्या खोलीत सोफ्यावरच्या भिंतीवर गेली, आणि त्यासाठी माझ्या दुकानाचं मानपत्र जिन्याखाली गेलं. गावातले फिनलंडवाले एकेक करून बघायला येऊ लागले. टोपी काढून आत येत, बंदुकीपुढे उभे राहत, कॉफी घेत. सासूबाई सांगत, "रशियनांची होती. आम्ही घेतली." जणू स्वतः जाऊन हिसकावून आणली होती. एखाद्याने फारच विचारलं तर माझ्याकडे बोट दाखवून म्हणत, "याने पेरोकडून उचलली." मी कुठल्या गुन्ह्यात हवा होतो हे लोक विसरले. माझा त्या बंदुकीशी काही संबंध आहे हेही विसरले.

ती माझी पहिली बंदूक होती आणि मला तिच्यातून एकदा तरी गोळी झाडायची होती. मी भीत भीत विचारलं. पेरोने नळी तपासून हरकत नाही म्हटलं होतं. सासूबाईंनी विचार केला आणि म्हणाल्या, "मी येते."

ऊन पडलेल्या एका दुपारी आम्ही रेतीच्या जुन्या खाणीवर गेलो: मी, सासूबाई, आणि सल्ला द्यायला रूडी. मी दूरच्या ढिगाऱ्यावर कॉफीचा रिकामा डबा ठेवला, गाडीच्या बॉनेटवर घडी केलेली घोंगडी टाकली, कानात बोळे घातले. पहिली गोळी भरून मी बाह्या सावरल्या, तोच सासूबाई पुढे झाल्या. मी मालकीचा प्रश्न काढणार होतो. त्यांचा चेहरा बघून काढला नाही.

रूडी सांगायला लागला, खांद्याला घट्ट लावा, श्वास रोखा, डावा डोळा. त्या ऐकत नव्हत्या. त्यांनी दस्त्याला गाल लावला आणि तशाच राहिल्या. खूप वेळ. मला वाटलं त्यांना घोडा ओढवत नाहीये, म्हणून मी पुढे झालो.

"जड आहे," त्या म्हणाल्या, गाल न उचलता. "तो बारीक होता."

कोण, ते विचारायच्या आत त्यांनी घोडा ओढला. असा आवाज झाला की झाडांवरचं बर्फ खाली आलं. सासूबाई दोन पावलं मागे माझ्या छातीवर आदळल्या, मी रूडीवर, आणि रूडी बर्फात. डबा होता तिथेच होता.

माझी पाळी आली. बोल्ट उघडेना. नळीच्या मागच्या टोकाशी, काडतूस बसतं तिथे, आत उरलेलं ग्रीझ तापून रिकाम्या काडतुसाला धरून बसलं होतं. मी ओढला, रूडीने ओढला, रूडीने त्याच्यावर लाकूड आपटलं, मी त्याला आवरलं. शेवटी बंदूक होती तशी मागच्या सीटवर रूडीच्या मांडीवर देऊन आम्ही निघालो. या सगळ्या उपद्व्यापात मी एकही गोळी झाडली नाही, हे नोंदवून ठेवतो.

गाडीत समोरच्या रस्त्याकडे बघत सासूबाई सांगायला लागल्या. तौनो, त्यांचा भाऊ. आईबापांनी त्यांना अमेरिकेला आणलं तेव्हा तो शेत सांभाळायला आजोबांजवळ राहिला. बंदरावर निरोप द्यायला आला तेव्हा बापाचा कोट घालून आला होता, आणि बाह्या बोटांच्या खाली लोंबत होत्या. गाता येत नसे आणि सारखा गायचा. बर्फात झालेल्या त्या लढाईत गेला. इर्माला आपल्याला मामा होता हे माहीत होतं, त्याला गाता येत नव्हतं हे माहीत नव्हतं. मला तर काहीच माहीत नव्हतं, आणि मी त्या घरात तेहेतीस वर्षं जेवतो आहे.

मागे रूडी एकदाही मधे बोलला नाही. हे खरं तर वर्तमानपत्रात यायला हवं होतं. त्या सांगत होत्या की शेजाऱ्यांच्या बदकांना तौनो इतका भ्यायचा की शाळेत जाताना ओढ्यातून, बूट हातात घेऊन जायचा. आमचं फाटक आलं. मी वेग कमी केला नाही. तळ्याच्या कडेकडेने जाणारा लांबचा रस्ता धरला.

सासूबाईंनी मान वळवून मागे पाहिलं. "घर मागे राहिलं."

"हो," मी म्हटलं. "पुढून वळतो."

त्यांनी हातमोजे काढून मांडीवर ठेवले. "तर ती बदकं," त्या म्हणाल्या.